साळवे आप्पांची पितळी पाटी

दौंड स्टेशनाबाहेर कुणालाही "साळवे आप्पा कुठं राहतात?" असं विचारलं की माणूस आधी विचारणाऱ्याच्या हाताकडे बघायचा, मग मागे उभ्या असलेल्या जीपकडे, आणि मग विचारायचा, "मोटर जळाली का?" मोटर न जळता कुणी आप्पांकडे जात असेल हे त्या गावाला पटतच नसे. पुढं रस्ता सांगायचीही गरज नव्हती. रेल्वेच्या चाळी संपल्या की व्हार्निशचा वास यायला लागायचा, आणि त्या वासाच्या मागे गेलं की आप्पांची पत्र्याची शेड.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. मी शिरूरबाहेर नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होतो. डिझेल इंजिनांचे सुटे भाग बनायचे तिथे. पुण्याचा डिप्लोमा, गळ्यात टाय बांधायची हौस आणि आपल्याला सगळं येतं ही पक्की समजूत, एवढ्या शिदोरीवर मी तिथे साहेब म्हणून मिरवत होतो. कॉम्प्रेसरची मोटर जळाली म्हणून ती जीपमध्ये टाकून न्हावऱ्यामार्गे पहिल्यांदा दौंडला गेलो, तेव्हा शेडमध्ये एक सडसडीत माणूस मोटरीला स्क्रूड्रायव्हर लावून त्याची मूठ कानाशी धरून बसला होता. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिच्या जागी मोटरीच्या तारांवर गुंडाळायची सुती पट्टी. वय पन्नाशीचं असेल. मोटरीचं सगळं ऐकून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हनती तुमची?"

"दहा हॉर्सपॉवर. चौदाशे चाळीस आरपीएम," मी पाठ म्हणून दाखवलं.

"धरती किती?"

"म्हणजे? पाटीवर लिहिलंय की सगळं."

"ते कंपनीनं लिवलंय. मी तुमास्नी इचारलं."

डिप्लोमाच्या तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

आप्पा पूर्वी रेल्वेत होते. डब्यातले दिवे, पंखे, स्टेशनावरचे मॅग्नेटोचे जुने फोन, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. पुढे वरिष्ठाशी कशावरून तरी वाजलं आणि नोकरी सोडून त्यांनी ही शेड टाकली. कशावरून वाजलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. "माझी कागदावर सही पायजे व्हती, माझ्या डोळ्यानं न बघता," एवढंच एकदा म्हणाले. शेडमध्ये एका खांबावर बुद्धाचा फोटो, त्याखाली तारांची भेंडोळी, आणि कोपऱ्यात लाकडी साच्यावर हाताने दांडा फिरवून तारेचे वेढे घालणाऱ्या यमुनाबाई, त्यांची बायको. सगळे त्यांना मावशी म्हणत. मावशी वेढे मोजत असताना शेडमध्ये कुणी बोलायचं नाही असा नियम होता. कितीही मोठा माणूस आला तरी मावशी एक बोट वर करायच्या, ओठ हलत राहायचे, आणि आकडा पुरा होईस्तोवर तो मोठा माणूस दारात चपला काढून उभा. मी सबंध एकशे चाळीस वेढे उभा राहिलो आहे.

आप्पांची खरी ओळख मात्र त्यांची पाटी. दुरुस्त केलेली प्रत्येक मोटर ते तपासायचे. चाकावर चामड्याचा पट्टा टाकायचा, पट्ट्याला वजनं टांगायची आणि मोटर कुठवर दम धरते ते बघायचं. मग जुन्या तांब्या-पातेल्याच्या पितळेची बोटभर पट्टी कापायची आणि भांड्यांवर नाव घालतात तसं टिंबाटिंबानं तिच्यावर लिहायचं: मोटर खरोखर किती ओढते, आणि खाली "साळवे". ती पाटी कंपनीच्या पाटीच्या खाली बसायची. कंपनीची पाटी ते कधी काढत नसत. आमच्या कॉम्प्रेसरच्या दहाच्या मोटरीवर त्यांनी "साडेआठ" लिहिलं, तेव्हा मी खवळलोच.

"दहाची मोटर दिली होती तुम्हाला!"

"नवी व्हती तवाबी साडेआठाचीच आसंल," आप्पा शांतपणे म्हणाले. "त्येंचं त्येंनी लिवलंय, आपलं आपुन लिवायचं. धाव सगळ्यांस्नी दिसती, इंजिनेरसाहेब. जोर कळतो तो धरताना."

कारखान्यात येऊन मी ती मोटर मोजली. साडेआठ म्हणजे साडेआठच निघाली. पुढे तर असं झालं की पंचक्रोशीत जुनी मोटर विकायला काढली की घेणारा खाली वाकून आधी साळव्यांची पाटी शोधायचा. पाटी नसली तर "बघू, घरी इचारतो" म्हणून निघून जायचा.

एकदा माझ्यादेखत वरवंडचा एक बागायतदार आला होता. पाटलाचा दिमाख, पांढरीशुभ्र टोपी. त्याला विहिरीवरची मोटर लेकीच्या सासरी द्यायची होती. आप्पांनी पाटीवर चार घातलं होतं. तो म्हणाला, "आप्पा, पाच घाला. सोयऱ्यांत शोभा दिसंल."

"घालतो की," आप्पा म्हणाले. "पन मला येक सांगा, मोटर सोयऱ्याच्या हिरीवर गेल्यावर पानी वढनार न्हवं?"

"वढनार की."

"मंग तितं ती किती वढायचं ते मला इचारून वढनार का?"

बागायतदार हसला, टोपी काढून डोकं खाजवलं, आणि चाराची पाटी घेऊन गेला. कोपऱ्यात मावशींचं बोट वर होतं, पण ओठ हलायचे थांबले होते. त्या हसत होत्या. ते सगळे वेढे सोडून त्यांना पुन्हा पहिल्यापासून घालावे लागले.

आता एका जर्मन मोटरीची गोष्ट. आमच्या मालकांनी खटपटी करून परवाने मिळवले आणि जर्मनीहून एक मशीन आणलं. त्याला कागदाची फीत लावायची. फितीवर भोकं असायची, आणि ती भोकं वाचून मशीन आपलं आपण काम करायचं. आजूबाजूच्या गावांतून लोक ते बघायला यायचे. मशीनचं टेबल पुढेमागे हलवायला तीन सर्वो मोटरी होत्या. साधी मोटर म्हणजे बटण दाबलं की पळत सुटणार. सर्वोचं तसं नाही. तिला सांगायचं, एवढं जा, इथं थांब, आणि कुणी ढकललं तरी हलू नकोस. केसाच्या जाडीइतकीही हलायची नाही ती. माझ्यासकट कारखान्यातल्या सगळ्यांना ही जादूच वाटायची.

हे मशीन चालवायला मॅनेजर सबनीस साहेबांनी बिरू कोळेकरला निवडलं होतं. बिरू कवठे येमाईचा. घरात आजोबांपर्यंत सगळी हयात मेंढरांमागे गेलेली, वडिलांनी थोडी शेती धरलेली, आणि हा आयटीआय करून कारखान्यात आलेला घरातला पहिलाच. वीस-बावीस वर्षांचा, कमी बोलणारा, हात फार हलका. तो अजून कायम झाला नव्हता. सहा महिने पुरे झाले की साहेब ठरवणार होते.

पावसाळ्यात एका सर्वो मोटरीत मशीनचं थंडाव्याचं पाणी झिरपलं आणि आतलं आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरणारा भाग, जळून गेला. नवी मोटर मागवायची तर पुन्हा परवाना, पुन्हा दिल्ली, वर्ष जाणार. सबनीस म्हणाले, "न्या साळव्यांकडे." मी मोटर घोंगडीत गुंडाळली आणि तान्ह्या पोराला न्यावं तशी जीपमध्ये मांडीवर घेऊन दौंडला नेली. बरोबर तिचं पुस्तक घेतलं.

आप्पांनी मोटर सगळ्या बाजूंनी पाहिली. शेपटाकडे एक छोटं डबडं जोडलेलं होतं त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

मी सांगितलं, हा टॅको. ही मोटर प्रत्यक्षात किती वेगानं फिरते आहे ते हा सारखा कंट्रोलरला कळवत असतो. सांगितलेलं आणि झालेलं यांत फरक पडला की कंट्रोलर तो लगेच दुरुस्त करतो.

आप्पांनी चष्मा काढला. तो पुसून पुन्हा लावला आणि ते डबडं जवळून पाहिलं.

"म्हंजी हिच्या पाठीवर हिचाच साक्षीदार बसीवलाय," ते शेवटी म्हणाले. "चुकली की आपनच सांगनार, मी चुकले म्हनून?"

"तसंच."

"अगं, हिकडं ये. हे बघ काय केलंय लोकांनी!"

मावशींचं बोट वर होतं. आकडा पुरा झाल्यावर त्या आल्या, टॅको नीट पाहिला, आणि म्हणाल्या, "मानसाला बसवत्यात का आसलं?" आणि परत जाऊन दांडा फिरवायला लागल्या.

या मोटरीत अजून एक वेगळेपण होतं. साध्या मोटरीत चुंबकाचं काम तारांची वेटोळी करतात, वीज दिली की चुंबक, वीज काढली की लोखंड. हिच्या पोटात मात्र कायमची चुंबकं बसवलेली होती. आप्पांनी झाकण उघडलं तर आतल्या बाजूला तांबड्या अक्षरांत जर्मन भाषेत एक ओळ होती.

"हे तांबड्यात काय लिवलंय?"

माझ्या हातात पुस्तक होतं. तेही जर्मन. इंग्रजी भाग शिरूरला माझ्याच कपाटात पडला होता. मी म्हणालो, "असेल नेहमीचंच. सावकाश उघडा वगैरे." माझ्या आयुष्यात मी बरीच बेजबाबदार वाक्यं बोललो आहे, पण हे एक वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

आप्पांनी आर्मेचर बाहेर ओढलं. "लई वढ हाय हिची," म्हणाले. रिकामं धूड फळीवर ठेवून दिलं आणि आर्मेचर घेऊन कामाला बसले. आठ दिवस ते एवढंच करत होते. मावशींनी तारेचे वेढे दोनदा मोजून घातले. लोखंडी पिंपात दिवे लावून व्हार्निश सुकवलं. आठव्या दिवशी सबनीस साहेब स्वतः जीप घेऊन आले, बरोबर मी होतोच. मोटर जोडली, वीज दिली, आणि ती फिरली. आवाज असा की जणू काही चालूच नाही. मी मोजलं तर वेग कंपनीच्या आकड्याहून थोडा जास्तच भरला. शेजारपाजारचे लोक जमले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांचा चेहरा उजळला होता. तो आनंद मी त्यांच्या तोंडावर आधी कधी पाहिला नव्हता.

"जोर बघितला का?" मावशींनी कोपऱ्यातून विचारलं.

सर्वोचा जोर बघायची रीत वेगळी. तिच्या दांड्याला एक मीटर लांबीची आडवी पट्टी बसवायची, टोकाला वजन टांगायचं आणि मोटर ते न हलता धरते का ते बघायचं. कंपनीचा आकडा होता दोन किलो. पण जर्मन दांड्याला आप्पांची पट्टी बसेना. ती दांड्यावर अडकवायला नवी कडी करायची तर अजून एक दिवस लागला असता. बाहेर सबनीस साहेब घड्याळ बघत होते.

"हिचा साक्षीदार हिच्या पाठीवरच हाय. आपला कशाला?" आप्पा म्हणाले, आणि पितळेची पट्टी घेऊन त्यांनी टिंबाटिंबानं लिहिलं: "दोन किलो. साळवे." उभ्या हयातीत न मोजता घातलेली ती त्यांची पहिली पाटी. मी शेजारी उभा होतो आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मशीन सुरू झालं. हलकं काम असलं की सुरळीत चालायचं. जड कापणी आली की टेबल अर्ध्यात अडायचं, तांबडा दिवा लागायचा, सगळं बंद. आठवड्यातून चार-पाच वेळा. सबनीस साहेबांनी विचार केला आणि तो विचार दिसायला अगदी सरळ होता: मोटर चांगली आहे, कारण तिच्यावर साळव्यांची पाटी आहे. साळव्यांची पाटी खोटं बोलत नाही. म्हणजे मशीन चालवणारा चुकतो आहे. त्यांनी बिरूला मशीनवरून काढून झाडलोटीला लावलं आणि सांगितलं, शनिवारी सहा महिने पुरे होतात, सोमवारपासून येऊ नकोस.

मी त्या खोलीत होतो. तांबडी ओळ मला आठवली. कपाटातला इंग्रजी भाग काढून वाचावा असंही मनात आलं. पण तो वाचला आणि त्यात नको ते निघालं तर? मी गप्प बसलो.

बिरूनं कुणाकडे तक्रार केली नाही. गुरुवारी रजा टाकून तो एस.टी.नं दौंडला गेला. तिथे काय झालं ते मला मावशींनी पुढे सांगितलं. तो दारात उभा राहिला, मावशींचे वेढे होईपर्यंत थांबला, आणि आप्पांना म्हणाला, "आप्पा, तुमी दोन किलो लिवलंय. म्हंजी माझंच चुकतंय. मला काय चुकतंय ते शिकवा. शनवारपातूर येळ हाय." स्वतःच्या हातापेक्षा त्याचा त्या पाटीवर जास्त विश्वास होता. आप्पांनी त्याला जेवायला बसवलं, पाठवून दिलं, आणि मग स्वतः न जेवता मीटरभर पट्टीची नवी कडी घासत बसले.

शुक्रवारी सकाळच्या एस.टी.नं आप्पा शिरूरला उतरले. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली पट्टी, हातात वाण्याच्या वजनांची पिशवी. गेटवर रामराम नाही, चहा नाही, सरळ मशीनपाशी. मोटर काढून फळीवर बांधली. मला म्हणाले, कंपनीच्या पाटीवर लिहिलेली वीज तेवढीच द्या, जास्त नको. मी दिली. त्यांनी पट्टीच्या टोकाला एक किलो टांगलं. पट्टी आडवी राहिली. दोनशे ग्रॅम वाढवले. राहिली. आणखी शंभर टाकले आणि पट्टी मान टाकल्यासारखी खाली गेली.

आप्पांनी वजनं काढली आणि पुन्हा लावली. पुन्हा तेच. दोन किलोच्या पाटीची मोटर एक किलो दोनशेच्या वर जात नव्हती. त्यांनी झाकण उघडलं, आतल्या चुंबकाला स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो सहज उचलून घेतला. मग ते हत्यारांच्या पेटीवर खाली बसले. मशीनवरचे लोक एकेक करून काम थांबवून जवळ आले. सबनीस साहेबही केबिनमधून बाहेर आले.

"वढ गेली हिची," आप्पा म्हणाले. "चुंबक मी घालवलं."

सबनीस घाईघाईनं म्हणाले, "आप्पा, आत चला, बोलू. जर्मन माल आहे, चुंबकंच खराब आली असतील. आपण त्यांना तसं लिहू."

"माल चांगला व्हता." आप्पा उठले नाहीत. "रेल्वेत मॅग्नेटोचे फोन व्हते, साहेब. तेंच्या पोटात आसलीच चुंबकं. मला शिकवनाऱ्यानं पयल्या दिशी सांगितलं व्हतं, आतलं काढायच्या आदी चुंबकाला लोखंडाचा घास द्यायचा. तोंड रिकामं ठिवलं की त्येचा जोर वाऱ्यावर जातो. मी हिचं तोंड आठ दीस उघडं ठिवलं. धाव जास्ती आली तवा माझ्या ध्यानात यायला पायजे व्हतं. चुंबक ढिलं पडलं की मोटर जास्तच पळती. मी टाळ्या ऐकत बसलो. मला ठावं व्हतं, साहेब. म्हंजी ही चूक अडान्याची न्हाई, माजलेल्याची हाय."

मी खाली मान घालून उभा होतो. तांबड्या ओळीबद्दल ते आता बोलतील, इंजिनेरला विचारलं होतं म्हणतील, याची मी वाट बघत होतो. ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

"बिरू कुठाय?"

बिरू झाडू घेऊन दारापाशी उभा होता. आप्पा उठून त्याच्यापर्यंत गेले. सगळ्या कारखान्यादेखत त्या पन्नाशीच्या माणसाने त्या पोराचा हात हातात घेतला.

"तुझा हात बरूबर व्हता, बाळा. माझी पाटी खोटी व्हती."

बिरूला काय करावं कळेना. त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि आप्पांच्या पाया पडायला वाकला. आप्पांनी त्याला वाकू दिलं नाही. मग छिन्नी मागून त्यांनी मोटरीवरची आपली पाटी उपटली आणि खिशात टाकली. मी खूप हुशार माणसं पाहिली, मोठमोठे इंजिनिअर पाहिले, पण त्या क्षणी वाटला तसा आदर मला पुन्हा कुणाबद्दल वाटलेला नाही. खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली.

पुढचं काम म्हणजे एक जत्राच होती. गेलेली ओढ परत भरायची तर चुंबकाभोवती जाड केबलचे वेढे घालून क्षणभर जबरदस्त वीज सोडायची. एवढी वीज कुठून आणणार? बिरू न्हावऱ्याला गेला आणि कांद्याचे ट्रक अडवून दहा बॅटऱ्या घेऊन आला. ड्रायव्हर बॅटरीमागोमाग स्वतःच आले, काय चाललंय ते बघायला. चुंबकाची दिशा उलटी होऊ नये म्हणून शाळेतून होकायंत्र आणलं. आमच्या टर्नरनं आर्मेचरच्या मापाचा लोखंडी गोल घडवून दिला. तो आत बसवून चुंबकांना घास दिला, वेढे घातले, आणि आप्पांनी स्वतः खटका ओढला. धाडकन आवाज झाला, केबल जागच्या जागी उसळली आणि ट्रकवाले मागे पळाले. असं तीनदा केलं. मग लोखंडी गोल पुढे ढकलत ढकलत आर्मेचर आत सरकवलं, म्हणजे चुंबकांचं तोंड क्षणभरही रिकामं राहिलं नाही.

पट्टी लावली. किलो, दीड किलो, एक किलो आठशे. पट्टी आडवी. दोन किलो टांगलं तेव्हा ती हळूहळू खाली बसली.

"अहो, दोनच लिहा आता," सबनीस हसत म्हणाले. "फरक काय पडतो?"

"दोनशे ग्रॅमचा," आप्पा म्हणाले, आणि पितळ मागितलं. "एक किलो आठशे. साळवे." टिंबं घालायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. कापणी थोडी हलकी केली, आणि त्यानंतर ते मशीन अडलं नाही. शनिवारी बिरू कायम झाला.

दोन वर्षांनी मला सोलापूरला नोकरी लागली. गाडी दौंडहूनच होती. सामान प्लॅटफॉर्मवर हमालाच्या हवाली करून मी शेवटचं भेटायला शेडवर गेलो. भर दुपार होती. आप्पा विहिरीवरची एक छोटी मोटर पट्ट्याला जोडत होते. वजनं टांगायच्या खांबावर, अगदी डोळ्यांसमोर येईल अशी, ती उपटलेली पाटी खिळ्यानं ठोकलेली होती. "दोन किलो. साळवे." कडेला छिन्नीचा घाव तसाच.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आप्पा, ती तांबडी ओळ मी वाचायला हवी होती. इंग्रजीतला भाग माझ्या कपाटात होता. पुढे वाचला मी. तेच लिहिलं होतं, घास दिल्याशिवाय आर्मेचर काढू नका. आणि बिरूला काढलं तेव्हाही मी गप्प बसलो."

आप्पांनी चष्म्याची पट्टी कानामागे नीट केली.

"मला म्हाईत हाय."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"ती माझी पाटी न्हवती, तुमची व्हती. माझी मी घातली." ते पुन्हा मोटरीकडे वळले. "बिरूला सांगितलं का तुमी?"

मी नजर वळवली. कोपऱ्यात मावशींचं बोट वर होतं आणि ओठ हलत होते.

"मला सांगून काय उपेग, इंजिनेरसाहेब?" आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "शिरूरची यष्टी अडीचला हाय."

सोलापूरची गाडी दोन चाळीसची होती. मी स्टेशनात गेलो, हमालाकडून सामान परत घेतलं आणि एस.टी. स्टँडवर आलो. शिरूरची बस शेडवरून गेली तेव्हा दार उघडं होतं. वाटलं होतं आप्पा बाहेर येऊन हात करतील. ते पाठमोरे उभे होते. एक नजर त्यांनी खांबावरच्या पाटीकडे टाकली, खाली वाकून पट्ट्याला अजून एक वजन टांगलं, आणि मोटर ते धरते का बघत थांबले.